इनटेक घेतला तो आवाजासाठी

स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षात जे प्रश्न पडतात, त्यात कोल्ड एअर इनटेकचा, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पोचवणाऱ्या पाइप आणि फिल्टरच्या संचाचा, नंबर फार वरचा असतो. टायर, ब्रेक, सस्पेन्शन यांचा खर्च मोठा. टर्बो बसवायचा म्हटलं तर गाडीच्या किमतीचा चांगलाच हिस्सा जातो. इनटेक मात्र तीनचारशे डॉलरमध्ये मिळतो, घरच्या घरी दुपारभरात बसतो, बॉनेट उघडलं की डोळ्यांत भरतो, आणि त्याच्या जाहिरातीत वाढणाऱ्या हॉर्सपॉवरचा आकडा ठळक छापलेला असतो. मलाही तो हवाच होता. पण नेमका कशासाठी, हे ठरवायला मी बराच वेळ घेतला, आणि त्या वेळात इंजिनाबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या कुठल्याच गाडीनं शिकवलं नव्हतं.

माझी गाडी २०१३ ची सुबारू बीआरझेड, जुनी घेतलेली, मॅन्युअल गिअरची. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून काढलेली ही गाडी. टोयोटाकडून ती ८६ या नावानं आली आणि अमेरिकेत तेव्हा सायन एफआर-एस या नावानं विकली गेली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, सिलिंडर आडवे, समोरासमोर. टर्बो नाही. ७००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ७००० फेऱ्या) २०० हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेबाराशे किलो. कागदावर ही काही दांडगी गाडी नाही, आणि तेच तिचं सुख आहे: तिची सगळी ताकद रस्त्यावर वापरता येते. फक्त साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या आसपास तिच्या टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या, आलेखात एक खड्डा आहे. घाटात तिसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना नेमकी तिथे गाडी सापडली, की पाय खाली जातो आणि गाडी क्षणभर ऐकतच नाही. या गाडीचा मालक इनटेकच्या दुकानात जातो तो बहुतेक वेळा या खड्ड्यावर उपाय शोधत.

आता हवेचा हिशोब. दोन लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांना जास्तीत जास्त दोन लिटर हवा ओढतं. म्हणजे ७००० आरपीएमला मिनिटाला ७००० लिटर, सेकंदाला शंभराहून अधिक. इंजिन पेट्रोल हवं तेवढं घेऊ शकतं, पंप आणि इंजेक्टर ते देतातच. तोटा असतो तो हवेचा. म्हणून हवा जितकी दाट, तितकी ताकद जास्त. हवा थंड असेल तर दाट असते, आणि वाटेत अडथळा कमी असेल तर सिलिंडरपर्यंत जास्त पोचते. कोल्ड एअर इनटेकचा सगळा दावा या दोन वाक्यांवर उभा आहे, आणि दोन्ही वाक्यं खरी आहेत. प्रश्न एवढाच, की माझ्या गाडीत या दोन्ही बाबतींत सुधारायला जागा किती शिल्लक आहे?

हे मोजता येतं. आणि मोजायला लॅब लागत नाही.

तापमानापासून सुरुवात केली. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर गाडीत असतोच. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या, सॉकेटला छोटं यंत्र लावलं की तो आकडा फोनवर दिसतो. बाहेर ३० अंश असताना हायवेवर ताशी ६० मैलांनी जाताना आत शिरणारी हवा होती ३३-३४ अंशांची. कारण बॉनेट उघडून पाहिलं तर समोरच होतं. कारखान्यातून आलेल्या, पोटात फिल्टर असलेल्या काळ्या डब्याची सोंड रेडिएटरच्या वर, ग्रिलकडे तोंड करून बसवलेली आहे. ती इंजिनाची तापलेली हवा घेतच नाही, समोरून येणारी ताजी हवा घेते. म्हणजे कोल्ड एअर इनटेक गाडीत पहिल्यापासून आहे. फक्त तो काळ्या प्लॅस्टिकचा आहे आणि त्यावर कुणाचं नाव नाही. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हाच आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. पण ट्रॅफिकमध्ये कुठल्याही इनटेकचं तेच होतं, आणि तिथे ताकद हवीय कुणाला? गाडी पुन्हा धावायला लागली की मिनिटा-दोन मिनिटांत तापमान खाली येतं.

केल्विनमध्ये मोजलं तर आपलं रोजचं तापमान ३०० च्या घरात येतं. म्हणजे १० अंश थंड हवा मिळाली, तर ती सुमारे तिसावा हिस्सा, तीनेक टक्के जास्त दाट. माझ्याकडे सुधारायला जागा होती तीन-चार अंशांची. म्हणजे एक टक्का, फार तर सव्वा.

अडथळा मोजायचं काम जास्त मजेचं होतं. माझा एक मित्र, मूळचा साताऱ्याचा, इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, पैसे नंतर खर्च कर. आधी पाण्याची नळी लावून बघू." या गाडीत फिल्टरच्या पुढच्या पाइपातून एक फाटा निघून केबिनच्या भिंतीकडे जातो, त्याला साउंड क्रिएटर म्हणतात. इनटेकचा आवाज मुद्दाम आत आणायची ती सोय. मित्रानं तो फाटा सोडवला, तिथे रबरी बूच बसवून त्यातून बारीक पारदर्शक नळी काढली, ती खिडकीतून आत घेतली आणि इंग्रजी यू आकारात वाकवून, निम्मी रंगीत पाण्यानं भरून, फुटपट्टीसकट डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावली. नळीचं एक टोक मोकळं, दुसरं इंजिनाकडे. इंजिन जितक्या जोरानं ओढेल तितकं एका बाजूचं पाणी वर चढणार. दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल. समुद्रसपाटीला हवेचा दाब आहे १०१ किलोपास्कल. तेव्हा एक किलोपास्कल अडथळा म्हणजे ढोबळमानानं एक टक्का हवा कमी.

हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडून ७००० पर्यंत नेली. या गाडीत तेवढ्यानं वेग हायवेच्या मर्यादेतच राहतो. मी रस्त्याकडे बघत होतो, मित्र पट्टीकडे. पाणी थरथरत चढत गेलं आणि वीस सेंटिमीटरच्या आसपास टेकलं. "दोन टक्के," तो म्हणाला. "फिल्टर, डबा, सोंड, सगळं उपटून फेकलंस तरी दोन टक्के."

दोन टक्के अडथळ्याचे, एक-सव्वा टक्का तापमानाचा. २०० हॉर्सपॉवरवर सहा-साडेसहा. तेही सगळं अगदी आदर्श मानलं तर. प्रत्यक्षात कुठलाही इनटेक अडथळा शून्यावर आणत नाही, त्यामुळे निम्मे मिळाले तरी खूप. मी राहतो तिथून लॉस एंजेलिसच्या उत्तरेचा अँजेलिस क्रेस्ट हायवे जवळ आहे. तो रस्ता डॉसन सॅडलला सुमारे २४०० मीटर उंची गाठतो. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक विरळ असते. म्हणजे तोच डोंगर माझ्या गाडीचे चाळीस हॉर्सपॉवर काढून घेतो, आणि तरीही मी दर संधीला तिथेच जातो. हा आकडा एकदा मनात बसला, की तीन-चार हॉर्सपॉवरसाठी झुरण्यात अर्थ राहत नाही.

मग जाहिरातीतले मोठे आकडे येतात कुठून? काही गाड्यांचा कारखान्याचा डबा खरोखर कोंदट असतो, विशेषतः टर्बो इंजिनांत, तिथे फरक पडतो. पण बरंचसं डायनोवरच्या, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या, परिस्थितीत असतं. डायनोवर गाडी उभी असते, बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा लावलेला असतो. बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर तिथे थंडगार हवा पितो. तोच फिल्टर बंद बॉनेटखाली रेडिएटरमागची तापलेली हवा घेणार. शिवाय एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांतही दोन-तीन हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतात. त्यामुळे एक आधीचा आलेख आणि एक नंतरचा, एवढ्या पुराव्यावर मी कुणाचंच काही घेणार नाही. बॉनेट बंद ठेवून, अनेकदा चालवून, तापमानाच्या नोंदीसकट आलेख दाखवणारे मोजके उत्पादक आहेत, आणि त्यांचा मला आदर वाटतो.

इनटेकचे प्रकार तसे तीनच. आखूड पाइप आणि उघडा फिल्टर: स्वस्त, आवाजी, आणि तापलेली हवा घेणारा. लांब पाइप आणि फिल्टर खाली बंपरमागे किंवा मडगार्डात: हवा थंड, पण पाण्याची भीती. तुंबलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन तिथेच संपतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस कमी, म्हणून इथे तो खपून जातो. मुंबईत कुणी हा प्रकार बसवायचा विचार करत असेल तर त्यानं मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेचा जुलै आठवावा आणि विषय सोडून द्यावा. तिसरा प्रकार बंद डब्याचा: फिल्टर मोठा, पण भोवती भिंती आणि झाकण, आणि हवा कारखान्याच्याच सोंडेतून. दिसायला सगळ्यात साधा. मला हाच पटला.

पण प्रकारापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि विकत घेणारे तिच्याकडे सर्वांत कमी बघतात. ती म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर जिथे बसतो त्या पाइपाचा आतला व्यास.

हा सेन्सर म्हणजे हवेच्या वाटेत धरलेला एक तापलेला बारीक घटक. हवा त्याला गार करते, आणि त्याला तापलेला ठेवायला किती वीज लागली यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं किती हवा आत आली. पण सेन्सर सगळी हवा मोजत नाही. तो मधल्या एका चिंचोळ्या खिडकीतून जाणारी हवा मोजतो, आणि बाकीचं कारखान्यानं भरून दिलेल्या तक्त्यावरून ठरतं. तो तक्ता त्याच व्यासाच्या पाइपासाठी असतो. समजा मूळ पाइप ७० मिलिमीटरचा आहे आणि नवा ७५ चा आला. पाच मिलिमीटर हाताला जाणवतही नाहीत. पण क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेवढीच हवा आता हळू वाहणार, आणि सेन्सर सांगणार की तेरा टक्के हवा कमी आली. ईसीयू बिचारा त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी सोडणार. मिश्रण पातळ होणार. साध्या चालवण्यात एक्झॉस्टमधला, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपातला, सेन्सर ही चूक पकडतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) वाढवून सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो बहुतांशी तक्त्यावरच भिस्त ठेवतो. आणि या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, आहे १२.५ ला १. पातळ मिश्रण, उच्च कॉम्प्रेशन आणि उन्हाळ्यातला चढ, हे तिन्ही एकत्र येणं कुठल्याही इंजिनाला परवडणारं नाही.

म्हणून मोठ्या व्यासाच्या इनटेकसोबत ट्यून, म्हणजे ईसीयूतला तक्ता नव्यानं बसवून घेणं, लागतोच. ट्यून करणार असाल तर प्रश्न नाही. नसाल तर व्यास मूळचाच हवा, आणि सेन्सरच्या आधी पाइपाचा सरळ भागही पुरेसा हवा, नाहीतर वळणातून घुसळत आलेली हवा सेन्सरला गोंधळात टाकते. माझा मित्र कुठलाही इनटेक हातात घेतला की आधी कॅलिपर काढतो. चमक, रंग, कार्बन फायबर, यांतलं काही तो बघत नाही.

फिल्टरच्या बाबतीत माझा सल्लागार मिरजेत आहे. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलं. जुन्या गाड्यांना तेव्हा ऑइल बाथ एअर क्लीनर असायचे: तळाशी तेलाचं भांडं, वर तारेची जाळी. आत येणारी हवा तेलावर आपटून वळायची आणि धूळ तेलात बसायची. भांडं डिझेलनं धुवायचं, खुणेपर्यंत नवं तेल ओतायचं, खुणेच्या वर थेंबही नाही. मी फोनवर नव्या फिल्टरचं सांगितलं तेव्हा त्यांनी हॉर्सपॉवरचं विचारलंच नाही.

"कागदाच्या जागी काय बसवणार?"

"तेल लावलेलं सुती कापड, बाबा. धुऊन परत वापरता येतं."

"धुऊन सुकवून तेल कोण लावणार? आणि जास्त झालं तर ते जाणार कुठे?"

नेमका मुद्दा. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर आज जगभर पोचलेत ते के अँड एन या १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइडमध्ये सुरू झालेल्या कंपनीमुळे. वस्तू चांगली आहे, वर्षानुवर्षं टिकते. पण धुतल्यावर तेल जास्त लागलं तर त्याचा बारीक अंश पुढे त्या तापलेल्या सेन्सरवर जाऊन बसू शकतो. म्हणून काहीजण कोरडा सिंथेटिक फिल्टर पसंत करतात. धूळ अडवण्यात कारखान्याचा साधा कागदी फिल्टर सहसा सर्वांत कडक असतो. फिल्टर जितका मोकळा, तितकी बारीक धूळ पुढे जायची शक्यता जास्त. हे तपासायची आयएसओ ५०११ नावाची प्रमाणित चाचणी आहे. ती तीन गोष्टी सांगते: धूळ किती अडली, अडथळा किती झाला, आणि तुंबण्याआधी किती धूळ मावली. ज्या फिल्टरचे हे तिन्ही आकडे जाहीर आहेत तोच मी घेतो. इथे सांता आना वारे सुटले की वाळवंटाची धूळ थेट शहरात येते. तीच धूळ रिंग आणि सिलिंडरच्या भिंती घासते, आणि ती झीज भरून निघत नाही. मी कोरडा घेतला. बाबांना बरं वाटलं.

कॅलिफोर्नियात आणखी एक अट आहे, आणि ती मी मनापासून पाळतो. इथे इनटेकसारखा भाग कायदेशीरपणे वापरायचा तर त्याला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, तोही तुमच्या गाडीच्या मॉडेल आणि वर्षासाठी. त्याचं स्टिकर बॉनेटखाली दिसेल असं लावायचं. स्मॉग चेकच्या, म्हणजे गाडीच्या धुराच्या सक्तीच्या तपासणीच्या, वेळी तपासनीस ते डोळ्यांनी बघतो. क्रमांकच नसेल तर धूर स्वच्छ असूनही गाडी नापास. अनेकांना हा जाच वाटतो. मला नाही वाटत. इंजिनाच्या पोटातल्या वाफा याच पाइपात परत सोडलेल्या असतात, मिश्रणाचा हिशोब याच पाइपात होतो. तो बदलला की बाहेर पडणारा धूर बदलू शकतो. आणि या शहराला धुराची किंमत चांगली ठाऊक आहे. गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात मिळून ओझोन बनतो, हे इथेच, कॅलटेक या विज्ञानसंस्थेतल्या आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. पुढे तेच या बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले. त्या काळात शहरातून मागचे डोंगर दिवसचे दिवस दिसत नसत. मी ज्या डोंगरावर गाडी चालवायला जातो ते डोंगर आज खालून दिसतात, यात या कंटाळवाण्या क्रमांकांचाही वाटा आहे.

राहता राहिला आवाज. हिशोब करून झाल्यावर माझ्याकडे इनटेक घ्यायला उरलेलं कारण हे एकच होतं, आणि ते मला पुरेसं वाटलं. कारखान्याचा डबा नुसता हवा गाळत नाही, तो गप्प बसवतो. त्याच्या पोकळ्या, बाजूचे बंद कप्पे, सगळे ठरावीक कंप गिळण्यासाठी मापून बनवलेले असतात. सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडमीट होताना पाइपातून उलट्या धावणाऱ्या दाबाच्या लाटा म्हणजेच तो आवाज. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलेली आहे. घोडीवर तारेखाली दोरा केसभर सरकवतात, आणि मघाशी मिटलेली तार एकदम खुलते, तिच्यातले वरचे स्वर ऐकू यायला लागतात. डबा आणि पाइप बदलल्यावर माझ्या इंजिनाचं तेच झालं. हायवेवर सावकाश जाताना गाडी पूर्वीइतकीच शांत आहे. पण साडेचार हजारांच्या पुढे, थ्रॉटल पूर्ण उघडलं की, एक भरीव, खर्जातला घोष सुरू होतो आणि सात हजारांपर्यंत चढत जातो. आता मी गिअर बदलतो ते कानांनी. टॅकोमीटरकडे बघावं लागत नाही. घाटात नजर रस्त्यावर राहते. उघड्या फिल्टरचा फुत्कार मला नको होता, तो शेजाऱ्यांनाही नको असतो.

टॉर्कचा खड्डा या सगळ्यानं हललेला नाही. तो जातो तो एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर काढणारे पहिले पाइप) आणि ट्यून बदलून, तेही इथे कायदेशीर हेडर सापडला तर. इनटेककडून ती अपेक्षा ठेवू नये. आणि ज्याच्या गाडीवर अजून कारखान्याचेच टायर आहेत त्यानं पहिले पैसे टायरला द्यावेत. ही गाडी आली तेव्हा अमेरिकेत तिच्यावर इंधन वाचवणाऱ्या जातीचे १७ इंची मिशलिन होते. चांगले टायर घातल्यावर ती जशी वळते, तो फरक कुठलाही इनटेक देणार नाही.

बसवणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, १० चा पाना, एक चपटा आणि एक फुली स्क्रूड्रायव्हर. सेन्सर काढताना घटकाला बोट लावायचं नाही, दोन बारीक स्क्रू, आणि रबरी रिंग जागची हलू द्यायची नाही. जुना डबा, झाकण, क्लिपा, सगळं एका खोक्यात भरून नाव घालून ठेवायचं. गाडी विकताना घेणारा तेच आधी विचारतो. बसवल्यावर इंजिन गरम होऊ द्यायचं आणि काही दिवस फ्युएल ट्रिमवर लक्ष ठेवायचं. ट्रिम आधीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकला तर व्यास तरी चुकलाय किंवा कुठून तरी हवा गळतेय. सेन्सरच्या पुढच्या सांध्यातून शिरलेली हवा कुणीच मोजलेली नसते. नवं रबर उष्णतेनं बसतं आणि क्लॅम्प सैल होतात, त्यामुळे आठवड्याभरानं गार इंजिनावर सगळे क्लॅम्प एकदा परत आवळून घ्यायचे, सिलिकॉनला चीर पडेल इतके नाही.